लाकडी खांबांवरचे अ‍ॅम्स्टरडॅम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागरीच्या रात्री गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला पंधरा-वीस मिनिटं दिली आहेत. दूध आटायलाही साधारण तेवढाच वेळ लागेल, असं महिला मंडळाचं म्हणणं आहे. तेव्हा बँकेतल्या सवयीप्रमाणे वेळेचा हिशेब चोख ठेवतो.

मुलगा आणि सूनबाई नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये अ‍ॅम्स्टेलवीनला राहतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. अ‍ॅम्स्टरडॅमला अगदी लागून असलेलं हे गाव. भारतीय वस्ती इतकी, की संध्याकाळी बागेत बाकावर बसलं तर तेलुगू, हिंदी आणि मराठी तिन्ही कानावर पडतात. मे महिन्याच्या अखेरीस मी आणि आमच्या सौभाग्यवती तिथे गेलो आणि नातीसह आम्ही पाचजणांनी अ‍ॅम्स्टरडॅम निवांत पाहिलं. ट्यूलिपचा हंगाम उलटून गेला होता, त्यामुळे फुलांच्या शेतातला फोटो आमच्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवसांत तिकडे रात्री साडेनऊलाही लख्ख उजेड असतो. सौ.ला पहिले दोन दिवस दिवेलागण कधी करायची हेच कळेना. शेवटी तिने घड्याळ प्रमाण मानून सातला निरांजन लावायला सुरुवात केली.

या शहराची पहिली गंमत विमानतळापासून सुरू होते. स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीपेक्षा तीन-चार मीटर खाली आहे. तिथे पूर्वी हार्लेमरमेर नावाचं प्रचंड सरोवर होतं. वाफेवर चालणाऱ्या पंपांनी उपसून उपसून १८५२ मध्ये ते कोरडं केलं. म्हणजे आपलं विमान एका सरोवराच्या तळाशी उतरतं! शहराचं नावही तसंच. आम्स्टेल नदीवर घातलेलं डॅम म्हणजे धरण, ते अ‍ॅम्स्टरडॅम.

पहिल्या दिवशी आम्ही ट्रामने मध्यवर्ती स्टेशनवर गेलो. ट्राममध्ये चढताना बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं, की पैसे आपोआप वळते होतात. स्टेशनच्या मागच्या बाजूने पलीकडच्या तीरावर जाणारी बोट चक्क फुकट आहे. सौ.ने ती दोनदा केली. स्टेशनसमोर पाण्याच्या खाली सायकलींसाठी पार्किंग केलंय, २०२३ मध्ये सुरू झालं. सुमारे ७,००० सायकली मावतात. आपल्याकडे दोन स्कूटर आडव्या लागल्या की सेक्रेटरींना रात्री अकराला फोन जातो, त्याची आठवण झाली.

तिथून चालत डॅम चौकात आलो. चौकात राजवाडा आहे. मुळात तो राजवाडा नव्हे, तर शहराचं नगरभवन. १६५५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. बालमित्रांनो, आता लक्ष द्या. ही अवाढव्य दगडी इमारत उभी आहे लाकडी खांबांवर. किती खांब? १३,६५९. तिथली मुलं हा आकडा कसा लक्षात ठेवतात माहीत आहे? वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या आधी १ आणि नंतर ९ लिहायचा. झालं!

असं का करावं लागलं? तिथली जमीन म्हणजे दलदल. वर मऊ चिखल, आणि खाली दहा-बारा मीटरवर वाळूचा पक्का थर. त्या थरापर्यंत झाडांचे सरळसोट बुंधे ठोकायचे आणि त्यांच्या डोक्यावर घर बांधायचं. जुनं अ‍ॅम्स्टरडॅम सगळं असंच उभं आहे. लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेलं असेल तर शेकडो वर्षं टिकतं. भूजलाची पातळी खाली गेली आणि खांबाचं डोकं उघडं पडलं, की हवा लागून बुरशी धरते आणि लाकूड कुजतं. म्हणजे तिथे पाणी वाढलं तरी काळजी आणि कमी झालं तरी काळजी.

याच नगरभवनात तळघराकडे बघत मी बराच वेळ रेंगाळलो. कारण इथे अ‍ॅम्स्टरडॅमची जुनी विनिमय बँक होती, १६०९ साली स्थापन झालेली. त्या काळी बंदरात देशोदेशींची नाणी यायची, कोणी कडा कातरलेली, कोणी झिजलेली. व्यापाऱ्याने ती बँकेत भरायची, बँक वजन-कस पाहून खात्यावर रक्कम जमा करणार, आणि पुढचे व्यवहार एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. ६०० गिल्डर आणि त्यावरच्या हुंड्या बँकेतूनच वटवायच्या, असा नियम होता. आम्ही लेजर लिहिण्यात आयुष्य काढलं, त्याचं हे पणजोबांचं घर! पुढे या बँकेने गुपचूप डच ईस्ट इंडिया कंपनीला कर्जं दिली, कंपनी बुडीत निघाली, लोकांचा विश्वास गेला, आणि अखेर १८१९ मध्ये बँक बंद करावी लागली. ठेवी लोकांच्या, कर्ज एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला. कहाणी ओळखीची वाटते ना?

ती कंपनी १६०२ मध्ये निघाली, तेव्हा भांडवलात कुणीही पैसे घालू शकत होतं. एका संचालकाच्या घरच्या मोलकरणीनेही १०० गिल्डर घातल्याची नोंद आहे. आणि हिचा आपल्याशीही संबंध आहे बरं का. माझी बदली वेंगुर्ल्याला होती, तेव्हा गावातल्या डच वखारीच्या पडक्या भिंती मी रोज बघायचो. सतराव्या शतकात त्या वखारीचा कारभार ज्या कंपनीच्या नावाने चालायचा, तिचं मूळ गाव पन्नास वर्षांनी पाहिलं.

दुसरा दिवस रेम्ब्रांटचा. राइक्सम्युझियममध्ये त्याचं १६४२ मधलं ‘नाइट वॉच’ हे चित्र आहे. भिंत भरून टाकणारं. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवलं, तेव्हा जागेत बसेना म्हणून चारही बाजूंनी कापलं होतं! म्हणजे फर्निचर मोठं आणि खोली लहान हा प्रश्न तेव्हाही होता. त्याच म्युझियमच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो, आणि लोक जगप्रसिद्ध चित्रांच्या खालून भाजी घेऊन घरी जातात.

पण मला जास्त भावलं ते रेम्ब्रांटचं राहतं घर. १६३९ मध्ये त्याने ते १३,००० गिल्डरला हप्त्यांवर घेतलं. नाव होतं, कामं होती, पण हप्ते थकले. १६५६ मध्ये दिवाळं निघालं. अधिकाऱ्यांनी घरात येऊन एकेका वस्तूची यादी केली, चित्रं, शंख-शिंपले, पुतळे, भांडी. नंतर घरही विकलं गेलं. आज त्याच जप्तीच्या यादीवरून घर पुन्हा मांडलं आहे. वसुलीसाठी केलेली यादी अशी उपयोगी पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आणखी एक ऐका. याच रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रं पाहून वीसहून अधिक रेखाटनं केली. त्यांत जहांगीर आहे, शाहजहान आहे. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही, पण हिंदुस्थान त्याच्या टेबलावर पोहोचला होता.

दुपारी पोटाचा प्रश्न. सौ. पूर्ण शाकाहारी. सूनबाईंनी आम्हाला सुरिनामी हॉटेलात नेलं. सुरिनाम ही डचांची पूर्वीची वसाहत. १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं तिकडे मजूर म्हणून नेली, त्यांची पुढची पिढी नेदरलँड्समध्ये आली. पोळी, बटाट्याची रस्सा भाजी आणि लांब शेंगांची भाजी समोर आली आणि सौ.चा चेहरा खुलला. वाढणारी बाई आमच्याशी भोजपुरी वळणाचं हिंदी बोलली. तिचे पणजोबा बोटीने गेले ते परत आलेच नाहीत. निघताना सौ.ने तिचा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅन फ्रँकचं घर. तिकिटं आधीच ऑनलाइन काढावी लागतात. प्रिन्सेनग्राख्त कालव्यावर २६३ क्रमांक. जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत आठ माणसं तिथे मागच्या भागात लपून होती. शेवटी पकडली गेली आणि आठांतले फक्त अ‍ॅनचे वडील जिवंत परतले. जिने भयंकर उभे. सौ.च्या गुडघ्यांमुळे मुलगा म्हणाला, ‘‘आई, तू खाली थांब.’’ ती म्हणाली, ‘‘ती पोर दोन वर्षं इथून खाली उतरली नाही, मला एकदा वर चढता येणार नाही?’’ आणि कठडा धरून, बसत-थांबत चढली. पुस्तकांच्या कपाटामागचा दरवाजा ओलांडून आत गेलो. खोल्या रिकाम्या आहेत, वडिलांनीच तशा ठेवायला सांगितल्या. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. आईवडील मुलींची उंची मोजून ठेवत होते. त्या कोंडवाड्यात अ‍ॅन तेरा सेंटिमीटरहून जास्त वाढली. आमची नात तेरा वर्षांची. अ‍ॅनला डायरी मिळाली तीही तेराव्या वाढदिवसाला. नात त्या रेघांसमोर उभी राहिली आणि आजीला हळूच म्हणाली, ‘‘आजी, आपल्या घरी दाराच्या चौकटीवर बाबांच्या अशाच रेघा आहेत ना?’’ आहेत. बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. दोनदा रंगकाम झालं, पण सौ.ने ती चौकट रंगवू दिलेली नाही. त्या दिवशी नंतर आम्ही काहीच पाहिलं नाही, कालव्याच्या काठी बसून राहिलो.

चौथ्या दिवशी महापालिकेच्या इमारतीत गेलो. तिथे काचेच्या उंच नळ्यांत पाणी भरलंय. समुद्राची पातळी त्या क्षणी किती आहे, ते दोन नळ्यांत दिसतं. तिसरी नळी आपल्या डोक्यापेक्षा कितीतरी वर जाते. १९५३ च्या पुरात झीलंड प्रांतात पाणी ४.५५ मीटरपर्यंत चढलं होतं, ती ही खूण. त्या रात्रीच्या पुरात देशात १,८०० हून अधिक माणसं गेली. तेव्हापासून त्यांनी बंधाऱ्यांची अशी कामं केली की जग पाहायला येतं. पण पाण्याची व्यवस्था बघणारी त्यांची मंडळं मात्र तेराव्या शतकापासूनची आहेत. बंधारा फुटला तर श्रीमंताचं शेत वाचत नाही आणि गरिबाचंही नाही, म्हणून सगळ्यांनी वर्गणी द्यायची आणि सगळ्यांनी मिळून राखायचं.

आता मुद्द्यावर येतो. मुलाच्या इमारतीत फ्लॅटमालकांचा संघ आहे, आपल्या सोसायटीसारखाच. त्यांची कागदपत्रं मी मोबाइलवर भाषांतर करून वाचली. हसू नका, निवृत्त बँकवाल्याला ताळेबंद दिसला की राहवत नाही. तिथे २०१८ पासून कायदा आहे. एकतर दीर्घ मुदतीचा देखभाल आराखडा करून त्याप्रमाणे पैसे बाजूला ठेवा, नाहीतर इमारत पुन्हा बांधायला जो खर्च येईल त्याच्या किमान अर्धा टक्का दरवर्षी राखून ठेवा. आणि जुन्या शहरात तर रांगेतल्या घरांचा पाया सामाईक असतो. एकट्याने आपल्या घराखालचे खांब बदलतो म्हटलं तर जमत नाही. शेजारी राजी व्हावे लागतात. तिथेही कुरकुर असतेच. शेवटी करतात, कारण न करणाऱ्याचं घर सगळ्यांना घेऊन खचतं. सप्टेंबर २०२० मध्ये शहराच्या मध्यभागी एका कालव्याची भिंत कोसळली. आता किलोमीटरच्या किलोमीटर काठ तपासून दुरुस्त करणं चालू आहे. दुर्लक्षाचं बिल कधीतरी येतंच, आणि व्याजासह येतं.

आपल्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का सांगितला आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं आहे. आपली इमारत पंचविशीची झाली. येत्या सभेत वर्गणी वाढवण्याचा आणि सी विंगच्या गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव येतोय. तळमजल्यावाले म्हणतात, गच्ची आमची नाही. वरचे म्हणतात, पाण्याची टाकी खाली, ती आमची नाही. मीही पेन्शनवर आहे, दरमहा चारशे-पाचशे जास्त गेले तर मलाही जाणवतं. ज्यांना खरोखर जड जाईल त्यांच्यासाठी हप्ते बांधून द्यावेत, अशी माझी कमिटीला सूचना आहे. हिशेबाचं काम मी विनामूल्य करीन. पण ठराव मंजूर व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलगा मला विचारत होता, ‘‘बाबा, तुम्ही दोघं किती दिवस तिकडे एकटे राहणार?’’ मी त्याला सांगितलं, एकटे कुठे, बेचाळीस बिऱ्हाडं आहेत. गेल्या पावसाळ्यात सौ. जिन्यात घसरली, तेव्हा तो जवळपास सात हजार किलोमीटरवर होता आणि सी विंगची मुलं दोन मिनिटांत खुर्ची घेऊन आली. आमच्यासाठी ती मुलं म्हणजे जमिनीखालचे खांब. दिसत नाहीत, पण आम्ही त्यांच्यावर उभे आहोत. त्या मुलांच्या डोक्यावरचा स्लॅब शाबूत ठेवणं, हे आपण म्हाताऱ्यांनी त्यांच्यासाठी करायचं आहे.

दुधाचा वास इथपर्यंत आला आहे, म्हणजे माझी मुदत संपली.  सभेला मात्र सगळ्यांनी या, कोरमअभावी अर्धा तास थांबायला लावू नका.