दुकानातला जुना कॉम्प्युटर आणि लोकांचे सातबारे

मी गोंदियाहून बोलतोय. आज काळ्या स्क्रीनची, म्हणजे टर्मिनलची गोष्ट. घाबरू नका, टाइप करायच्या ओळी मी बोलून सांगतो. ऐकून झाल्यावर करून बघा.

माझ्या मावसभावाचं आमगावला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. धान विक्रीची नोंदणी सुरू झाली की गर्दी होते. आधार, सातबारा, पासबुक, सगळं स्कॅन होऊन त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जमा! मशीन २०१४ चं, त्यात विंडोज १०. त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरला चालत नाही. भाऊ म्हणाला, "नवा घ्यावा लागते का? माझं जाऊ दे, पण लोकांचे सातबारे आहेत ना यात!"

मी म्हटलं, नवा नको, डेबियन टाकू. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवक बनवतात, फुकट आहे, सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे. आवृत्ती १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली.

आधी त्याच्या सगळ्या फाइल्स एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, कारण इन्स्टॉल करताना जुनं सगळं पुसलं जातं. मग डेबियनची फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवली आणि तपासली. कमांड आहे 'शा टू फिफ्टी सिक्स सम', पुढे फाइलचं नाव. ६४ अक्षरांचा आकडा येतो. तो डेबियनच्या साइटवरच्या आकड्याशी जुळला, तरच पेन ड्राइव्ह बनवायचा. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय निवडला. म्हणजे उद्या कोणी मशीन उचलून नेलं, तरी पासवर्डशिवाय सातबारे वाचता येणार नाहीत. रूटचा पासवर्ड रिकामा सोडला. असं केलं की रूट खातं बंद राहतं आणि पहिल्या युजरला सुडो मिळतं.

मग टर्मिनल. 'सुडो एपीटी अपडेट' नवी यादी आणतं, 'सुडो एपीटी अपग्रेड' खरोखर अपडेट करतं. नावं सारखी, कामं वेगळी. 'अनअटेंडेड डॅश अपग्रेड्स' हे पॅकेजही टाकलं, म्हणजे सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात.

पुढे फायरवॉल. 'सुडो एपीटी इन्स्टॉल यूएफडब्ल्यू', मग 'सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग', मग 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल'. बाहेरून येणारं बंद, आपण मागवलेलं सुरू. ब्राउझर, प्रिंटर नेहमीसारखे चालतात.

आता माझी आवडती कमांड: 'सुडो एसएस डॅश टीयूएलपीएन'. कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर वाट बघत बसलाय ते दिसतं. पत्ता १२७.०.०.१ असेल तर तो फक्त याच मशीनशी बोलतो. चार शून्यं असतील तर तो बाहेरच्यांसाठीही कान उघडे ठेवून बसलाय. तो कोण, हे शोधा. नको असेल तर काढून टाका.

गिऱ्हाइकांसाठी 'सुडो ॲडयूजर ग्राहक' करून वेगळं खातं दिलं, सुडोशिवाय. भावाच्या होम फोल्डरला 'सीएचमॉड सातशे' लावलं, म्हणजे दुसऱ्या खात्यातून ते उघडत नाही.

रविवारी हे सगळं करून मी खूश होऊन नागपूरला गेलो. मंगळवारी सकाळी अकराला फोन. लाईन गेली होती, ती आली, कॉम्प्युटर सुरू केला, तर तो डिस्कचा पासवर्ड मागतोय. दुकानात दहा-बारा लोक उभे. पासवर्ड मी माझ्या हौसेनं ठेवला होता, चिन्हं, आकडे, लहान-मोठी अक्षरं घालून. भाऊ तीनदा चुकला. फोनवर एकेक अक्षर सांगत, मशीन पुन्हा सुरू करत, कसंबसं उघडलं. लोकांचा अर्धा तास गेला. चूक शंभर टक्के माझी! रोज त्या खुर्चीवर कोण बसतं, याचा विचारच मी केला नव्हता.

पुढच्या रविवारी परत गेलो. 'क्रिप्टसेटअप लक्स ॲड की' या कमांडनं त्याच डिस्कला दुसरा पासवर्ड जोडता येतो, जुना तसाच राहतो. यावेळी पाच साधे शब्द भावानं स्वतः निवडले, इंग्रजी अक्षरांत. एकमेकांशी संबंध नसलेले, पण त्याला पाठ राहतील असे. कागदावर लिहून तो कागद घरच्या कपाटात ठेवला, दुकानात नाही.

आणि एक गोष्ट भावानंच सुचवली. काम झालं की स्कॅन ठेवायचेच कशाला? बरोबर! जे कॉम्प्युटरमध्ये नाही, ते चोरीला जाणार कसं? 'फाइंड', पुढे स्कॅनच्या फोल्डरचं नाव, मग 'डॅश टाइप एफ, डॅश एमटाइम प्लस सात'. आठवड्याहून जुन्या फाइल्सची यादी येते. आधी यादी नीट वाचायची, मगच तीच ओळ शेवटी 'डॅश डिलीट' जोडून चालवायची. ते डिलीट आधी लिहिलं तर सगळं फोल्डर साफ. बाहेरच्या हार्ड डिस्कवरचे जुने स्कॅनही आम्ही असेच काढले.

शेवटचं. इंटरनेटवर दिसलेली सुडोची ओळ न समजता पेस्ट करू नका. आधी 'मॅन' आणि कमांडचं नाव टाइप करून वाचा. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीत आहेत, फुकट.

भाऊ आता दर सोमवारी दुकान उघडल्यावर स्वतः अपडेट करतो. परवा मला फोन करून म्हणाला, "बाबू, चार शून्यंवाला एक दिसून राहिला, काय करू?" चला, भेटू पुढच्या भागात!