हिरवळ आणि हुमणी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळीं, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यांतील जऊळक्यास एखाद्या अंगणांत दिवा लावावा, कीं तांबूस-तपकिरी रंगाचे भुंगेरे त्यावर टपटप आपटूं लागतात. घरांतील माणसें त्यांना केरसुणीनें लोटून देतात, मुलें एखादा आगपेटींत बंद करून ठेवतात, आणि विषय तेवढ्यावर संपतो. खरें पाहतां तो त्याच रात्रीं सुरू होतो. अंगणांतल्या कडुनिंबावर बसून हे भुंगेरे पाला खातात, तेथेंच नरमादीचें मीलन होतें, आणि उजाडण्यापूर्वीं सारे पुन्हा जमिनींत शिरतात. ज्या निंबाच्या अर्काला इतर किडी भितात, त्याचाच पाला यांना गोड लागावा, ही मौजच म्हणावयाची! मादी ओलसर, भुसभुशीत मातींत सुमारें पन्नास-साठ अंडीं घालते. दहाबारा दिवसांनीं त्यांतून जी अळी निघते, तीच हुमणी.

वऱ्हाडांतील शेतकऱ्याला हुमणीची ओळख करून द्यावयास नको. शहरांतील बंगल्यांत मात्र तिचें नांवहि ठाऊक नसतें, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीं. शेतकरी जी हरळी शिव्या देत खणून काढतो, तीच शहरांत मोल देऊन आणतात आणि तिला हिरवळ म्हणतात. भाद्रपद-आश्विनांत या हिरवळीवर पिवळे डाग पडतात. माळी म्हणतो, पाणी कमी पडलें. पाणी वाढतें, डागहि वाढतात. मग कोणी रोगाची शंका काढतो आणि बुरशीचें औषध येतें. शेवटीं कोणीतरी गवत मुठींत धरून ओढतो, तों सतरंजी उचलावी तशी हिरवळ हातांत येते. खालीं मुळें उरलेलीं नसतात. तपकिरी डोक्याच्या, पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या अळ्या तेवढ्या असतात.

ही ओढून पाहण्याची परीक्षा प्रथमच केली असती तर बराच खर्च वांचला असता. बुरशीच्या रोगांत पातीं करपतात, पहाटेच्या दंवांत कधीं कधीं कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात, पण गवत सहसा जमीन सोडीत नाहीं. तेथें उपाय म्हणजे पाणी सकाळीं घालणें आणि गवत फार आखूड न कापणें. रात्रभर ओलें राहिलेलें गवत रोगाला आमंत्रण देतें.

अळी दिसली, कीं बहुतेकांचा हात विषाकडे जातो. पण तोपर्यंत ती पुष्कळ मोठी झालेली असते, आणि वरून ओतलेलें औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोंचतें. जें पोहोंचत नाहीं तें कोठें जातें, याचा विचार कोणी करीत नाहीं. अमेरिकेंत डेट्रॉइटच्या परिसरांत १९५९ सालीं अशाच एका भुंगेऱ्यासाठीं विमानांतून आल्ड्रिन पसरण्यांत आलें; त्यानंतर पक्षी कसे मरून पडले, तें रेचल कार्सन यांनीं आपल्या १९६२ सालच्या पुस्तकांत नोंदविलें आहे. आपल्याकडे हुमणीवर वापरली जाणारी बी. एच. सी. पूड १९९७ सालीं बंद झाली; फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आली. वाशीमच्या शेजारीं यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक माणसें दगावलीं. आणि हिरवळीवर तर मुलें अनवाणी खेळतात!

१९५९ सालींच कॅलिफोर्नियांतील चार कीटकशास्त्रज्ञांनीं एकात्मिक नियंत्रणाची कल्पना मांडली. तींत विष वर्ज्य नाहीं. त्याची पाळी मात्र शेवटची. आधीं पाहावें, मोजावें. फूटभर चौरस गवत खुरप्यानें उचलून अळ्या मोजाव्या. एकदोनच असतील तर सशक्त हिरवळ त्या सहज सोसते. साळुंक्या व बगळे उरलेल्यांचा समाचार घेतात, त्यांना हुसकूं नये. अर्धवट कुजलेलें शेणखत बागेंत आणूं नये. ओडेसाजवळ १८७९ सालीं मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें अळ्या मारणाऱ्या ज्या हिरव्या बुरशीवर प्रयोग केले, ती मेटारायझियम आज पुडींत मिळते. चांगल्या कुजलेल्या खतांत मिसळून ती पावसाच्या आरंभींच, माती ओली व अळ्या लहान असतांना, गवताखालीं द्यावी.

परंतु या सर्वांहून स्वस्त उपाय वर्षांतील मोजक्या संध्याकाळीं हातीं येतो. पहिल्या दोनचार पावसांनंतर, दिवेलागणीच्या सुमारास, निंब व बाभळीच्या फांद्या आंकडी लावलेल्या काठीनें हलवाव्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकावे. पाण्याच्या टोपल्यावर एक दिवा टांगावा. तो दोन तासांनीं मालवावा, नाहींतर रात्रीं उशिरां उडणारे उपकारी कीटकहि त्यांत मरतात. हें काम एकट्यानें करून भागत नाहीं. भुंगेऱ्यांना कुंपण माहीत नसतें. जऊळक्यांत जसें एका गल्लीचें, तसेंच शहरांत एका वसाहतीचें तें काम आहे. शेजारच्या बंद बंगल्यांतील कडुनिंबासाठीं मालकाला आधींच पत्र टाकून फाटकाची किल्ली मागून ठेवावी. वैशाख संपण्यापूर्वीं ती हातीं आलेली बरी.