गोठ्यातल्या आणि अंगणातल्या गोचिडांचा बंदोबस्त



पावसाची झड संपून उघडीप पडली, की गुरांच्या कानांत, कासेवर, मांड्यांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या बुडाशी गोचीड दिसायला लागतात. मग धार काढता काढता कुणीतरी चार-दोन ओढून काढतं, दगडाखाली चिरडतं. फारच झाले म्हणजे औषध आणून गाय धुतली जाते. आठ-पंधरा दिवस बरं जातं आणि पुन्हा तीच तऱ्हा. मग आपण म्हणतो, औषधच भेसळीचं निघालं. कधी असेलही तसं. पण बहुतेक वेळा दोष दुसरीकडंच असतो. गाय धुतली, गोठा मात्र तसाच राहिला.

हे ध्यानात यायला गोचिडाची जन्मकथा ऐकली पाहिजे. आपल्या गाई-म्हशींवर नेहमी दिसणारा जो राखाडी-निळसर गोचीड आहे, त्याचं पिल्लू एकदा अंगावर चढलं, की सुमारे तीन आठवडे त्याच जनावरावर राहतं. तिथंच कात टाकतं, तिथंच वाढतं. मादी रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगते आणि आपणहून खाली गळून पडते. पडली म्हणजे पीडा गेली असं समजू नका. ती सरपटत जाऊन भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या फटीत, नाहीतर सुकलेल्या शेणाच्या थराखाली शिरते. तिथं दोन-तीन हजार अंडी घालते आणि मगच मरते. दमट, उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत अंडी फुटतात. थंडीत जास्त दिवस लागतात. मोहरीपेक्षाही बारीक अशी ही पिल्लं गवताच्या शेंड्यावर, गव्हाणीच्या काठावर गुराची वाट बघत बसतात. उपाशीपोटी ती महिनोन् महिने तग धरतात, बरं का!

दुसरी एक जात आहे, तिच्या पायांवर फिकट पट्टे असतात. ती तर कात टाकायलासुद्धा अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत दडून बसते. संकरित गुरांना होणारा थायलेरिया हा रोग हीच पसरवते.

गोचिडानं रक्त पिऊन जनावर खंगतं, दूध आटतं, हे तर आहेच. पण खरी भीती या रोगांची. थायलेरियात ताप १०४ ते १०६ अंशांपर्यंत चढतो, खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते, जनावर धापा टाकतं, डोळ्यांच्या आतल्या पापण्या पांढऱ्या पडतात. देशी गाय यातून पुष्कळदा निभावते, पण संकरित गाय आणि तिचं वासरू हां हां म्हणता हातचं जातं. दुसरा रोग बबेसिया. यात लघवी काळ्या चहासारखी लाल होते. गाठीवर डाग देऊन यातला एकही रोग बरा होत नाही. उलट डाग देण्यात जे दोन दिवस जातात, तेच मोलाचे असतात. दोन्ही रोगांवर औषधं आहेत, पण ती अंगात रक्त शिल्लक आहे तोवरच उपयोगी पडतात. ताप आणि गाठ दिसली, की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लसही आहे, तिची चौकशी तिथंच करा.

आता बंदोबस्ताकडं वळू. सुरुवात गोठ्यापासून करायची. गुरं बाहेर बांधा, गव्हाणीतली उरलीसुरली वैरण काढून टाका, जमिनीवरचा शेणाचा थर खरवडून लांब उकिरड्यावर न्या. भिंतीच्या आणि फरशीच्या भेगा सिमेंटनं, नाहीतर चिखलमातीनं लिंपून घ्या आणि वरून चुन्याचा दाट हात द्या. या एका कामाला माझ्या मते निम्मे गुण. माणसं औषधाच्या बाटलीवर खर्च करतात आणि मूठभर सिमेंटाला कंटाळतात. पक्का दगडी गोठा असेल तर भेगांवरून ज्योतीचा झोत फिरवूनही अंडी-पिल्लं जळतात. मात्र कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर किंवा कडब्याची गंजी जवळ असेल, तर आगीचं नाव काढू नका. अंगणातलं गवत कापा, आणि दगड-लाकडांचे ढीग गोठ्याला टेकून ठेवू नका.

गोठ्यात फवारणी ज्या दिवशी, त्याच दिवशी गुरांच्या अंगावरही, आणि तीही सगळ्या गुरांवर. एक म्हैस सुटली तरी ती बाकीच्यांना गोचीड पुरवते. औषध गुरांसाठीचंच हवं. कपाशीवर मारायचं औषध गाईवर मारून गाय दगावल्याच्या गोष्टी खोट्या नाहीत. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही औषधं मिळतात, पण एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून प्रमाण बाटलीवरचंच घ्या. अमिट्राझ साडेबारा टक्क्यांचं असेल, तर गुरांसाठी लिटरभर पाण्यात २ मिलिलिटर. पुष्कळ जण पुरवठ्यानं वापरायचं म्हणून औषध पातळ करतात. त्यानं अर्धे गोचीड वाचतात आणि त्यांची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. गोचीड असे निबर झाल्याचं देशात बऱ्याच ठिकाणी आढळलं आहे. पूर्ण प्रमाणात देऊनही गुण येईना, तर डॉक्टरांना विचारून औषधाचा गट बदला. जुन्या लोकांना गॅमेक्सिनची भुकटी आठवत असेल; तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. माळ्यावर एखादी पिशवी उरली असेल तर ती वापरू नका.

फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, चाटू नये म्हणून मुसकं बांधा. वेळ सकाळची किंवा उन्हं उतरल्यावरची. अंगावर जखम असेल तिथं औषध नको. कानाच्या आत, पोळीखाली, कासेच्या मागं फडक्यानं लावा. गोचीड असतात तिथंच आणि फवारा पोचत नाही तोही तिथंच. लहान वासरांना आणि गाभण गाईला डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. धार काढण्यापूर्वी कास स्वच्छ धुवा. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला आपल्या मनानं देऊ नका, ते दुधात उतरतं. उरलेलं औषध ओढ्यात ओतलं तर मासे मरतात. खाली पडलेल्या अंड्यांपुढं औषधाचं फारसं चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणी करून दुसरा हात द्यावाच लागतो.

कुत्र्याचा गोचीड वेगळा, तपकिरी. तो घरातच संसार थाटतो. मादी भिंतीवर चढून वाशांच्या, खिडकीच्या फटीत अंडी घालते. कुत्रा निजतो ते पोतं उकळत्या पाण्यातून काढा. त्याचे कान आणि पायांच्या बोटांमधल्या जागा रोज चाचपा. एक मात्र सांभाळा. गुराचं किंवा कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. परमेथ्रिनसारख्या औषधानं मांजर मरतं.

आता माणसांविषयी. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडी भागात २०१६ पासून आणि गोव्यात सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. तो रानातल्या गोचिडाच्या चावण्यातून होतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात. गोठ्यात अंथरायला रानातून जो पातेरा आणतो, त्यातूनही हे गोचीड घरापर्यंत येतात. माकडं मेलेली आढळतील त्या रानातला पातेरा आणू नका, मेलेल्या माकडाला हात लावू नका, ताबडतोब आरोग्य केंद्राला कळवा. रानात जाताना अंगभर कपडे घाला, परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करून कपडे उकळा.

गोचीड बोटांनी किंवा नखानं चिरडायची सवय मात्र सगळ्यांनीच सोडावी. त्याच्या रक्तातून माणसालाही रोग जडू शकतो. २०११ साली गुजरातेत आढळलेला काँगो तापही असाच गोचिडाशी जोडलेला. काढलेले गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलात टाका. माणसाच्या अंगावर चिकटलेला असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. तेल, विडीचा चटका काही नको. जागा साबणानं धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आधी हे सांगा, की गोचीड चावला होता.