तेलाच्या दारीं वायूचा व्यापार

हवा ही विकत घ्यावयाची वस्तु आहे असें सामान्य गृहस्थास सहसा वाटत नाहीं. इ. स. २०२१ च्या एप्रिल महिन्यांत मात्र ही समजूत फार कठोरपणें दूर झाली. त्या महिन्याच्या १९ तारखेस मुंबईजवळच्या कळंबोली स्थानकांतून सात रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमकडे रवाना करण्यांत आले. तेथील पोलादाच्या कारखान्यांत द्रवरूप प्राणवायु भरून घेऊन ते नागपूर व नाशिक येथें परत आले. रुग्णालयांत माणसें श्वासासाठीं तळमळत होतीं. देशांत प्राणवायु तयार होत नव्हता असें नाहीं. जेथें तो तयार होई तेथून गरजेच्या ठिकाणीं वेळेवर पोंचविणें, हीच मोठी अडचण होती. टँकर इतके अपुरे पडले कीं, नत्रवायु व आर्गॉन वाहून नेणारे टँकरहि प्राणवायूसाठीं बदलून घ्यावे लागले. २२ एप्रिलपासून कारखान्यांना प्राणवायु पुरविण्यास सरकारनें मनाई केली. परंतु ज्या मोजक्या उद्योगांना या मनाईंतून वगळलें होतें, त्यांत तेलशुद्धीचे कारखाने होते.

या एका प्रसंगांतून दोन गोष्टी दिसून येतात. एक ही कीं, वायु तयार करण्यापेक्षां तो दूर नेणें अधिक अवघड असतें. दुसरी ही कीं, तेलाचा धंदा वायूवांचून चालत नाहीं. या दोन गोष्टींची जेथें गांठ पडते तेथें औद्योगिक वायु विकणाऱ्या व्यापाऱ्याचें नशीब उघडतें; आणि तेथेंच त्याची कसोटीहि लागते.

या व्यापाराचा मुख्य कच्चा माल फुकट आहे. हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्रवायु, २१ भाग प्राणवायु व जवळजवळ एक भाग आर्गॉन असतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन लिंडे यांनीं इ. स. १८९५ मध्यें हवा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करून दाखविली आणि १९०२ मध्यें त्या द्रवांतून प्राणवायु निराळा काढण्याची रीत सिद्ध केली. त्याच सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज क्लोद यांच्या संशोधनाच्या आधारावर एअर लिक्विड ही कंपनी निघाली. नत्रवायु उणे १९६ अंशांवर उकळतो, प्राणवायु उणे १८३ अंशांवर. हा तेरा अंशांचा फरक म्हणजेच या धंद्याचें मूळ भांडवल होय. खर्च येतो तो हवेला नव्हे, तर ती दाबून थंड करण्यास लागणाऱ्या शक्तीला.

पहिल्या काळांत वायु पोलादी नळकांड्यांत भरून विकला जाई. नळकांडें आंतल्या वायूपेक्षां कितीतरी पट जड. तेव्हां गाडीभाड्याचा मोठा भाग लोखंड हिंडविण्यांतच जावयाचा. द्रवरूप वायूचे टँकर आल्यावर ही अडचण कमी झाली, पण संपली नाहीं. १९४० सालीं अमेरिकेंत डेट्रॉइट येथें लिओनार्ड पूल यांनीं एअर प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली, ती एका साध्या विचारावर. गिऱ्हाइकाकडे वायु नेत बसण्याऐवजीं वायु तयार करणारें यंत्रच त्याच्या आवारांत नेऊन ठेवावें व भाड्यानें द्यावें, असा तो विचार होता. पुढें मोठ्या व्यवहारांची हीच रीत झाली. कुंपणाच्या एका बाजूस तेलाचा कारखाना, दुसऱ्या बाजूस वायूचा, आणि मध्यें एक नळ. करार बहुधा पंधरा-वीस वर्षांचा; आणि त्यांत अशी अट कीं, गिऱ्हाइकानें ठरलेला वायु उचलला नाहीं तरी ठरलेली किमान रक्कम त्यानें दिलीच पाहिजे. हा सौदा नव्हे, सोयरीकच होय. एकदां जुळली म्हणजे एकाच्या भरभराटींत दुसऱ्याची भरभराट आणि एकाच्या विपत्तींत दुसऱ्याची विपत्ति.

तेलवाल्यास वायूची गरज अलीकडे एवढी कां वाढली? याचें पहिलें कारण म्हणजे तेलाचें वार्धक्य. हलकें, स्वच्छ व सहज हातीं लागणारें तेल माणसानें आधीं उपसलें. मागें राहिलेल्यांत जड व गंधकयुक्त तेलाचा वांटा मोठा. दुसरें कारण म्हणजे कायदा. गंधक जळला म्हणजे त्याचा धूर श्वासनलिकेस जाळतो, म्हणून सरकारांनीं इंधनांतील गंधकावर मर्यादा घातल्या. भारतांत २०१० सालीं देशभर लागू होऊं लागलेल्या नियमानें डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे ३५० भाग चालत. १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशभर ही मर्यादा ५० वर आली, आणि १ एप्रिल २०२० पासून अवघ्या १० वर.

हा गंधक काढण्याचें मुख्य साधन हायड्रोजन. डिझेल व हायड्रोजन यांचें मिश्रण तीनशें ते चारशें अंश उष्णतेंत, मोठ्या दाबाखालीं, कोबाल्ट व मॉलिब्डेनम यांच्या उत्प्रेरकावरून नेतात. तेथें गंधक हायड्रोजनशीं संयोग पावून वायुरूपानें बाहेर पडतो व डिझेल स्वच्छ होतें. पूर्वीं पेट्रोलचा कस वाढविण्याच्या क्रियेंत जो हायड्रोजन आपोआप निघे, त्यावर पुष्कळ कारखान्यांची गरज भागत असे. मर्यादा कडक झाल्या, तेल जड झालें, आणि तेवढा पुरेना. मग तो नैसर्गिक वायु व वाफ यांपासून मुद्दाम तयार करावा लागूं लागला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें ९ कोटी ५० लाख टन हायड्रोजन खर्ची पडला, आणि त्यांतील ४ कोटी टनांहून अधिक तेलशुद्धीच्या कारखान्यांत.

तेलवाला हें यंत्र स्वतःच कां उभारीत नाहीं, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. पुष्कळ कारखाने उभारतातहि. परंतु वायूच्या व्यापाऱ्याजवळ एक गोष्ट अशी असते कीं, जी एकट्या कारखान्यास साधत नाहीं. ती म्हणजे अनेक गिऱ्हाइकांना जोडणारें नळांचें जाळें. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर टेक्सस व लुइझियाना या दोन संस्थानांतील आपलीं निरनिराळीं जाळीं एअर प्रॉडक्ट्स कंपनीनें २०१२ सालीं १८० मैलांचा नळ टाकून एकत्र केलीं. त्यामुळें सुमारें ६०० मैलांचा एकच मार्ग तयार झाला. त्यावर वीसहून अधिक ठिकाणांहून हायड्रोजन येतो. एक यंत्र बंद पडलें तर दुसरें त्याची उणीव भरून काढतें. तेलशुद्धीचा कारखाना एक दिवस थांबला तरी नुकसान फार मोठें; म्हणून तेलवाला येथें वायूच्या किंमतीबरोबर निर्धास्तपणाचीहि किंमत मोजतो. भारतांतहि कोची येथील भारत पेट्रोलियमच्या कारखान्याचा करार याच धर्तीवर, कुंपणापलीकडून वायु घेण्याचा आहे.

कारखान्यापेक्षांहि मोठी संधि प्रत्यक्ष तेलविहिरीपाशीं असूं शकते. आणि तिच्यांतील धोकाहि तितकाच मोठा असतो. याचें उत्तम उदाहरण मेक्सिकोंत घडलें. कांपेचेच्या उपसागरांत रुदेसिंदो कांतारेल नांवाच्या एका कोळ्यास पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. त्याच्याच नांवानें ओळखलें जाणारें प्रचंड तेलक्षेत्र तेथें १९७६ सालीं सांपडलें. वीस वर्षांत भूगर्भांतील दाब उतरूं लागला व तेल वर येईनासें झालें. तेव्हां पेमेक्स या सरकारी कंपनीनें असें ठरविलें कीं, तेलाच्या माथ्यावर जो वायूचा थर असतो त्यांत बाहेरून नत्रवायु भरावा, म्हणजे तो तेलास खालीं विहिरींच्या तोंडांकडे दाबील. नैसर्गिक वायूहि भरतां आला असता. पण तो स्वतःच विकण्याजोगा माल. नत्रवायु जळत नाहीं, आणि तो हवेंतून हवा तितका काढतां येतो.

ब्रिटिश ऑक्सिजन कंपनीची वारस असलेली बीओसी, लिंडे, जपानची मारुबेनी आणि इतर दोन कंपन्या यांनीं मिळून अतास्ता येथें स्वतःच्या मालकीचा कारखाना उभारला. २००० सालीं तो सुरू झाला. रोज १२० कोटी घनफूट नत्रवायु तयार करणारा तो त्या काळीं जगांतील सर्वांत मोठा नत्रवायूचा कारखाना होता. फळ तात्काळ दिसलें. १९९५ च्या सुमारास रोज दहा लाख पिपांच्या आसपास असलेलें तेलाचें उत्पादन २००४ सालीं एकवीस लाख पिपांपर्यंत चढलें. वायूवाला व तेलवाला दोघेहि धन्य झाले.

परंतु नत्रवायु तेल नवें निर्माण करीत नाहीं; असलेलें लौकर बाहेर काढतो. २००४ नंतर उत्पादन कड्यावरून घसरावें तसें घसरलें, आणि २०१२ सालीं तें रोजच्या पांच लाख पिपांच्याहि खालीं आलें. जमिनींत कोंबलेला नत्रवायु विहिरींतून वर येणाऱ्या नैसर्गिक वायूंत मिसळून येऊं लागला. असा मिश्र वायु विकतां येईना, म्हणून त्यांतील बराच जाळून टाकावा लागला. मग आधीं विकत घेऊन भरलेला नत्रवायु पुन्हां वेगळा काढण्यासाठीं निराळें यंत्र उभारावें लागलें! अतास्ताचा कारखाना तरला याचें कारण असें कीं, शेजारच्याच कू-मालूब-झाप या तेलक्षेत्रासहि नत्रवायु हवा होता, आणि तोच नळ तिकडे वळवितां आला. दुसरें गिऱ्हाईक हांकेच्या अंतरावर होतें, म्हणून यंत्र वांचलें.

प्राणवायूलाहि तेलाच्या दारीं स्थान आहे. तेल गाळून उरलेल्या डांबरासारख्या गाळाचें व कोकचें प्राणवायूच्या साह्यानें उपयुक्त वायूंत रूपांतर करतां येतें. त्यासाठीं जामनगर येथें रिलायन्सनें लिंडेकडून प्रचंड हवा-विभाजक यंत्रें घेतलीं. सौदी अरबस्तानांत जाझान येथें तर प्राणवायु व नत्रवायु मिळून रोज ७५,००० टनांच्या क्षमतेचीं यंत्रें उभीं आहेत.

या भरभराटीची एक काळी बाजू आहे. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करतांना नऊ-दहा किलो कार्बन डायॉक्साइड आकाशांत जातो. म्हणजे शहराच्या धुरांतील गंधक घालविण्यासाठीं पृथ्वीभोंवतींचें पांघरूण जाड करावयाचें! टेक्ससमधील पोर्ट आर्थर येथें २०१३ सालीं या वायूंतील वर्षाला सुमारें दहा लाख टन पकडून वेस्ट हेस्टिंग्ज या जुन्या तेलक्षेत्रांत, तेल वर ढकलण्यासाठीं, धाडण्याची योजना पूर्ण झाली. एकाच व्यापाऱ्यानें तेलवाल्यास एका दारानें हायड्रोजन दिला व दुसऱ्या दारानें त्याचा धूर. युक्ति चतुर खरी. परंतु त्या योगें निघालेलें तेल शेवटीं जळणारच, हें विसरतां येत नाहीं.

याहून सरळ मार्ग म्हणजे वाऱ्याच्या व सूर्याच्या विजेनें पाण्याचें विघटन करणें. भारत सरकारनें २०२३ च्या जानेवारींत हरित हायड्रोजनची राष्ट्रीय योजना मंजूर केली. तिच्यासाठीं १९,७४४ कोटी रुपये ठेवले असून २०३० सालापर्यंत वर्षाला ५० लाख टनांच्या उत्पादनशक्तीचें ध्येय आहे. एक किलो हायड्रोजनास पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते, म्हणून तो अद्याप महाग. पण तेलशुद्धीचे कारखाने आधींच हायड्रोजन वापरतात. नवें गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं, हा या व्यापाराचा मोठा लाभ.

मात्र रस्त्यांवर विजेच्या गाड्या वाढत असतां, आज वीस वर्षांचा करार करणाऱ्या वायूवाल्यानें एक प्रश्न स्वतःस विचारलाच पाहिजे. हें तेलाचें दार उद्यां बंद झालें, तर या यंत्राला दुसरें दार कोणतें? खत, पोलाद, कांच, रुग्णालय यांपैकीं एखादें जवळ असेल, तर तें भांडवल सुरक्षित. जामनगरच्या तेलशुद्धीच्या कारखान्यांतून २०२१ च्या मे महिन्यांत रोज एक हजार टन रुग्णोपयोगी प्राणवायु निघत असल्याचें कंपनीनें जाहीर केलें. तेलाच्या गाळासाठीं मांडलेलीं यंत्रें त्या आणीबाणींत माणसांच्या श्वासासाठीं चाललीं.

टेक्ससमध्यें बोमाँट शहराजवळ स्पिंडलटॉप नांवाची टेकडी आहे. १० जानेवारी १९०१ या दिवशीं तेथून तेलाचा फवारा आकाशांत उडाला आणि अमेरिकेंतील तेलयुगास भर आला. तें तेल केव्हांच ओसरलें. परंतु त्याच टेकडीखालच्या मिठाच्या थरांत, सुमारें दीड हजार मीटर खोल, एअर लिक्विड कंपनीनें एक विवर कोरलें असून २०१७ पासून त्यांत हायड्रोजन साठविला जातो. तेल गेलें, भूमि राहिली, आणि तिला दुसरें काम मिळालें. तेलाच्या दारीं दुकान मांडणाऱ्यानें ही टेकडी डोळ्यांपुढें ठेवावी.