पत आणि इमान

मराठीत पत आणि इमान हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. पत बाजार देतो, इमान मात्र आपलं आपल्यापाशीच असतं. मी कवी माणूस, व्यापारी नव्हे. पण व्यापारातल्या नीतीविषयी वाचताना मला हे दोन शब्द हटकून आठवतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1785 मध्ये एका दुकानदाराचं उदाहरण दिलं. अजाण मूल आलं तरी हा दुकानदार भाव वाढवत नाही. कांट विचारतो, का? केवळ गिऱ्हाईक टिकावं म्हणून असेल, तर वागणं योग्य आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. म्हणजे पत सांभाळली, इमानाचं काय? समोर कुणीही असो, नियम सर्वांना सारखा, हा पाश्चात्त्य व्यापारनीतीतला एक मोठा विचार.

त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी चीनमध्ये कन्फ्यूशियस होऊन गेला. एका सरदाराने त्याला अभिमानाने सांगितलं, की आमच्याकडे बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. त्यावर कन्फ्यूशियस म्हणाला, की आमच्याकडे बापलेक एकमेकांना सांभाळून घेतात आणि खरेपणा त्यातच असतो. त्याच्या लेखी नीती सुरू होते ती नात्यातून. नुसत्या शिक्षेच्या धाकाने माणूस पळवाटा शोधतो. त्याला आतून लाज वाटली पाहिजे.

जपानचे शिबुसावा एइची 1867 मध्ये युरोपात गेले, तिथली भांडवली कंपन्यांची पद्धत त्यांनी पाहिली आणि 1873 मध्ये जपानमधली पहिली आधुनिक बँक उभारली. सुमारे पाचशे कंपन्यांच्या उभारणीत त्यांचा हात होता. एका हातात कन्फ्यूशियसची वचनं आणि दुसऱ्या हातात हिशेबाची मण्यांची पाटी हवी, असं ते सांगत. 2024 पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे.

पण दोन्ही वाटांवर खड्डे आहेत. दाभोळमुळे आपल्याला ठाऊक झालेल्या एन्रॉनकडे चौसष्ट पानांची नीतिसंहिता होती. 2001 मध्ये कंपनी बुडाली आणि हजारोंची नोकरी, म्हातारपणाची पुंजी गेली. नियम होते, लाज नव्हती. जपानच्या ऑलिंपस कंपनीत वरिष्ठांनी वर्षानुवर्षं तोटा दडवला. 2011 मध्ये जाब विचारणाऱ्या अध्यक्षालाच घरी पाठवलं. निष्ठा होती, पण ती मेंढी झाकण्यापुरती.

दोष कन्फ्यूशियसचा नव्हे. बापलेकांविषयी तो तसं बोलला खरा, पण राजा चुकत असेल तर त्याला तोंडावर सांगावं, हेही त्यानेच शिकवलं. कंपनीचा मालक बाप नसतो. तो फार तर राजा असतो.

म्हणून मला वाटतं, कांटचा सरळ नियम हवा आणि कन्फ्यूशियसची लाजही हवी. साहेबाच्या खोलीत जाऊन ‘हा हिशेब चुकीचा आहे’ म्हणणाऱ्या कारकुनाजवळ दोन्ही असतात. त्याची नोकरी टिकते की नाही, यावरून त्या पेढीची खरी पत ओळखावी.