वहीपुरता उजेड

अंधारात वही पाहून वाजवणाऱ्याच्या दिव्याला दोन कामे असतात. वहीवरचे अक्षर स्वच्छ दाखवायचे आणि स्वतः कोणाच्या डोळ्यांवर यायचे नाही. पहिले काम करणारे दिवे आज कोल्हापुरात कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. दुसऱ्या कामाची चौकशी गिऱ्हाईक करत नाही आणि दुकानदार आपणहून बोलत नाही. पुढचे विवेचन या दुसऱ्या कामाकडेच वळून वळून येणार आहे, कारण चुकते ते तिथेच.

मैफलीत ख्याल गाणाऱ्याला कागद लागत नाही. बंदिश गळ्यात बसलेली असते, तबलजीच्या हातात ठेका असतो. कागद लागतो नाटकाच्या ऑर्गनवाल्याला, ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिन आणि की-बोर्ड वाजवणाऱ्यांना, नृत्याच्या कार्यक्रमातल्या साथीदारांना आणि भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला. यांची अडचण अशी की अंधार त्यांच्या सोयीने होत नाही. नाटकात प्रवेश संपतो, रंगमंच काळोखा होतो आणि नेमका त्याच वेळी पुढच्या पदाचा सूर द्यायचा असतो. त्यात ‘वन्स मोअर’ आला की उलटलेले पान पुन्हा मागे घ्यायचे. हे सगळे चाचपडत करणाऱ्या माणसाची कसरत प्रेक्षकाला दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याचा उघडा दिवा.

कोल्हापुरात ही गरज संगीत नाटकाइतकी जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेले पॅलेस थिएटर 1915 साली उभे राहिले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. याच गावच्या प्रभात फिल्म कंपनीची सुरुवात 1929 साली झाली आणि 1932 सालच्या ‘अयोध्येचा राजा’ला गोविंदराव टेंबे यांनी संगीत दिले. टेंबे मुळात नाटकातले आणि पेटीतले. बोलपट येण्याआधी मूकपटांना पेटी-तबल्याची साथ पडद्याजवळ बसून दिली जाई. तिथे दिव्याचा एक कवडसा पडद्यावर गेला तरी चित्र फिके पडणार, हे उघड आहे. म्हणजे दिवा झाकण्याची अक्कल या गावाला नवी नाही. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत भस्मसात झाले आणि त्यानंतर त्याच्या पुनरुभारणीचे काम हाती घेण्यात आले. असे कोणतेही नाट्यगृह उभारताना खुर्च्या, पडदे, वातानुकूलन यांची चर्चा भरपूर होते. साथीदार बसतो तिथे एक प्लग आणि एक टोपीवाला दिवा असावा, ही गोष्ट खर्चाच्या मानाने इतकी किरकोळ आहे की ती कोणाच्या यादीतच येत नाही.

युरोपात वादकांच्या स्टँडवर पूर्वी मेणबत्त्या असत. संगीतकार हायडन यांच्या 1772 सालच्या ‘निरोपाच्या’ सिंफनीत शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो. रजेवर घरी जायला मिळत नसलेल्या वादकांची तक्रार हायडन यांनी आपल्या मालक राजपुत्राच्या कानावर घातली ती अशी. शंभर वर्षांनी संगीतकार वाग्नर यांनी जर्मनीत बायरॉइट येथे नाट्यगृह बांधले. ते 1876 साली सुरू झाले. प्रेक्षागृह अंधारे ठेवायचे, तर वादकांच्या दिव्यांचा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाता कामा नये, म्हणून त्यांनी वादकांची जागा रंगमंचाखाली खोल नेली आणि तिच्यावर वाकलेले छप्पर घातले. एकेका दिव्याला टोपी घालण्याऐवजी सगळ्या वादकवृंदालाच त्यांनी टोपी घातली.

आपल्याकडे समई, कंदील, दिवटी, पलिते असा क्रम होता आणि मग गॅसबत्ती आली. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी 1885 साली जाळीच्या दिव्याचे पेटंट घेतले. रॉकेलची वाफ दाबाखाली त्या जाळीवर जाळणारी पेट्रोमॅक्स बत्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाली आणि खेडोपाडी पोहोचली. पंप मारायचा, जाळी पांढरीफेक होईपर्यंत थांबायचे आणि बत्ती डोक्यावर घ्यायची. वरातीत बँडच्या दोन्ही बाजूंनी अशा बत्त्या घेऊन माणसे चालत. तो उजेड वरातीसाठी, नवरदेवासाठी होता. बँडवाल्याला त्याचा उपयोग कमी आणि त्रासच जास्त, कारण उजेड उघडा आणि डोळ्यांच्या वर. बँडवाले कान आणि पाठांतर यांवर चालले म्हणून निभावले. आजच्या भजनी मंडळात खांबाला उघडा बल्ब टांगलेला असतो, तो त्याच बत्तीचा वंशज आहे. रॉकेल गेले, सवय राहिली.

उघड्या दिव्याने नेमके काय बिघडते, ते डोळ्याच्या रचनेत आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ही कमाई क्षणभराच्या झगमगाटाने पुसली जाते. ऑर्गनवाला वहीतून मान वर करतो ती नटाचे ओठ, हाताची खूण, तबल्यावरचा हात पाहण्यासाठी. वाटेत दिव्याचा नंगा दाणा डोळ्यात घुसला, तर पुढचे काही क्षण त्याला नट दिसत नाही आणि वहीही दिसत नाही. मग तो काय करतो? दिवा आणखी मोठा करतो. दिवा मोठा, तितका डोळा दिपतो, तितकी वही अंधारी वाटते. इथे दोष कमी उजेडाचा नाहीच. दिव्याला टोपी नाही, हा दोष आहे.

उसाला रात्री पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मोटर पाच अश्वशक्तीची की साडेसातची यावर ऊस पोसत नाही, पाणी सरीत उतरले की नाही यावर पोसतो. दारे नीट धरले नाही, तर मोटर जितकी मोठी, तितके शेजाऱ्याच्या रानात तळे मोठे. टोपी म्हणजे सरीचा वरंबा. वरंबा धड असेल तर बारकी धारसुद्धा शेवटच्या बुडख्यापर्यंत जाते. वरंबा फुटका असेल तर रात्रभर मोटर चालवूनही सरीचे टोक कोरडेच, आणि वर वीजबिल. वादकांचे बरेचसे दिवे असे वरंबा नसलेले आहेत. उजेड तबलजीच्या डोळ्यांत, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत, विंगेतल्या कापडावर, सगळीकडे. वहीच्या खालच्या दोन ओळी मात्र तहानलेल्या.

त्या दोन ओळींत काय असते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब आणि तार सप्तकाच्या स्वरावर टिंब. म्हणजे शुद्ध गंधार आणि कोमल गंधार यांत फरक एका बारीक रेघेचा. आता ही सरगम शाळेच्या रेघी वहीत निळ्या बॉलपेनने लिहिलेली. वहीची छापील रेघ आणि कोमलाची रेघ अर्ध्या उजेडात एकमेकींत मिसळतात. टिंबाचे तर विचारूच नये, डासाने केलेला डाग आणि तार षड्जाचे टिंब सारखेच दिसतात. म्हणून अंधारात वापरायची वही बिनरेघी असावी, अक्षर ठळक असावे, शाई काळी असावी. हे दिव्याइतकेच महत्त्वाचे आहे आणि याला पैसा लागत नाही. पाने प्लॅस्टिकच्या कव्हरात घालण्याची चाल भजनी मंडळांत फार आहे. कागद टिकतो, पण चकचकीत प्लॅस्टिकवर दिव्याचे प्रतिबिंब पडून नेमकी मधली ओळ गायब होते. त्यापेक्षा जाड, निस्तेज कागद बरा. प्लॅस्टिक ठेवायचेच असेल, तर दिवा समोरून न लावता वरून, थोडा बाजूने लावावा.

अंतराचा हिशेब सोपा आहे. लहान दिव्याचे वहीपासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो. त्यामुळे वीस-पंचवीस सेंटीमीटरवर वाकवलेला लहानसा एलईडी, दूर टांगलेल्या दणदणीत दिव्याला भारी पडतो. मान वळणारा, क्लिपने स्टँडला धरणारा दिवा म्हणूनच सोयीचा. त्यातही एकाच टोकाला एक दाणा असलेला घेतला तर पानाचा मधला भाग उजळतो आणि कडा अंधारात राहतात. रुंद पट्टीचा दिवा दोन पानांवर सारखा पसरतो. आणि पट्टीच्या पुढच्या बाजूला खाली उतरलेली कड हवी, म्हणजे दाणे वाजवणाऱ्याला आणि समोरच्याला दिसणार नाहीत. विकत घेतलेल्या दिव्याला अशी कड नसेल, तर काळ्या पुठ्ठ्याची दोन बोटे रुंद पट्टी चिकटवून ती करता येते. दिवा फार तापत नाही ना, एवढे आधी पाहावे. हा उपाय इतका साधा आहे की लोक तो ऐकतात, मान डोलावतात आणि करत नाहीत.

डोक्याला पट्टा बांधून लावायची बॅटरी काहींना भारी सोयीची वाटते. ट्रेकला ती सोयीची आहेच. भजनात मात्र पेटीवाला बुवांकडे पाहतो तेव्हा ती थेट बुवांच्या तोंडावर पडते, पखवाजवाल्याकडे पाहतो तेव्हा त्याच्या. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकड आरती चालते, तेव्हा झोपेतून उठून आलेल्या टाळकऱ्यांवर हा मारा फार निर्दय होतो. मोबाईलचा टॉर्च दातांत किंवा शर्टाच्या खिशात धरणाऱ्यांबद्दल अधिक न बोलणे बरे.

यानंतर प्रश्न येतो तो दिव्याच्या रंगाचा. अंधाराला सरावलेला डोळा लाल उजेडाने सर्वांत कमी बिघडतो, म्हणून आकाशनिरीक्षक लाल बॅटरी वापरतात. ते पाहून वादकाने लाल कागद दिव्यावर लावला, तर समेची फुली आणि खालीचे शून्य लाल पेनाने काढलेले असल्यास पानावरून उडून जातात. लाल उजेडात लाल शाई आणि पांढरा कागद एकच दिसतात. विंगेतला निळा दिवा प्रेक्षकांच्या नजरेत कमी येतो खरा, पण त्यात निळे बॉलपेन मंद पडते. वादकासाठी मंद, पिवळसर पांढरा दिवा सर्वांत चांगला. उघड्या पटांगणातल्या कार्यक्रमात त्याचा आणखी एक फायदा आहे. निळसर पांढऱ्या दिव्यावर चिलटे आणि पाकोळ्या जितक्या येतात, तितक्या पिवळसर दिव्यावर येत नाहीत. पावसाळ्यात वहीवर पाकोळी बसणे म्हणजे काय, हे ज्याने वाजवले आहे त्याला ठाऊक असते.

मंडळातल्या ज्येष्ठांना जास्त उजेड लागतो, हा त्यांचा हट्ट नसतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. शिवाय त्यांचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, साधारण पस्तीस-चाळीस सेंटीमीटरचा असतो, आणि स्टँड साठ-सत्तर सेंटीमीटरवर. चष्म्याच्या नंबरचा दोष दिव्यावर ढकलून दिवा वाढवत नेणे, हा पुन्हा फुटक्या वरंब्याचाच प्रकार. स्टँडचे अंतर मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितले तर त्या अंतराचा वेगळा चष्मा मिळतो. दिवा वाढवायचा तो त्यानंतर, आणि टोपी घालूनच.

आता विजेचे. तीन सेलवर चालणारे क्लिपचे दिवे सुरुवातीला लख्ख असतात आणि हळूहळू इतके उतरत जातात की वाजवणाऱ्याला पत्ता लागत नाही. डोळाच थकला असे त्याला वाटते. कार्यक्रमाला नवे सेल घालावेत, जुने तालमीला वापरावेत. यूएसबीचा दिवा पॉवर बँकेला जोडला तर वेगळाच घोळ होतो. बऱ्याच पॉवर बँका अगदी थोडी वीज ओढली जात असेल तर ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजून आपोआप बंद होतात. मोबाईलला हे चालते. लहानशा दिव्याचे मात्र ऐन पदाच्या मध्यावर गुल होणे यातूनच घडते, आणि दोष बिचाऱ्या दिव्याला दिला जातो. घरी तासभर लावून पाहिले की हे आधीच कळते. स्वस्त डिमरचे दिवे मंद करताना भराभर लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण चित्रीकरणात आडवे पट्टे उमटतात. कार्यक्रमाचे चित्रीकरण असेल तर मोबाईलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून हे तपासता येते.

तपासणी करायची ती प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण बंद करून. एकाने पहिल्या रांगेत, एकाने बाल्कनीत आणि एकाने विंगेत नटाच्या जागी उभे राहावे. तिघांपैकी कोणालाही दाणा दिसला, तर कड आणखी खाली घ्यावी. वाजवणाऱ्याने स्वतःच्या जागेवरून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणे उपयोगाचे नाही, कारण त्याला त्याच्या दिव्याची मागची बाजू दिसते.

राहिला टॅब्लेट. तरुण वादक आता वहीच आणत नाहीत, पडद्यावर वाचतात, आणि पडदा स्वतःच दिवा असतो. त्याला टोपी घालता येत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवून, उजेड किमान करून, पडदा थोडा वर वळवून चेहऱ्यावरचा निळसर झगझगाट बराच कमी करता येतो. नोटेशन छापील पानाचे छायाचित्र असेल तर रंग उलटे करण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. पान उलटायला पायाचे पेडल मिळते. त्या पेडलचे चार्जिंग वेगळे, टॅब्लेटचे वेगळे, आणि दोन्हींपैकी काही संपले तर ठळक काळ्या शाईतली बिनरेघी वही आणि टोपीचा दिवा स्टँडच्या मागे तयार ठेवावा लागतो.