किशोरांचा फुटबॉल

श्रोतेहो, बडोद्यात खेळाचा विषय निघाला की बोलणे मोतीबागेवर येऊन ठेपते. विजय हजाऱ्यांच्या या नगरीत क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाकडे लक्ष जाणे अवघडच. तथापि सयाजीगंजातील स्टेशनावर गाडीत बसावे आणि शंभरएक किलोमीटरांवर अहमदाबादेस उतरावे, एवढ्या अंतरावर नोव्हेंबर २०२५ मध्ये फुटबॉलच्या मैदानावर जे घडले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

आशियाई फुटबॉल महासंघ सतरा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा भरवितो. २०२६ च्या स्पर्धेसाठी पात्रतेचा एक गट अहमदाबादच्या ‘एका अरेना’ मैदानावर खेळला. भारत, इराण, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि चिनी तैपेई असे पाच संघ. पुढे जावयाचे ते एकट्या अव्वल संघाने. भारताने पॅलेस्टाइनशी १-१ अशी बरोबरी केली, चिनी तैपेईला ३-१ असे नमविले आणि लेबनॉनकडून ०-२ अशी हार पत्करली. ३० नोव्हेंबरला अखेरचा सामना इराणशी. जिंकल्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिला गोल इराणने केला. मध्यंतरापूर्वी पेनल्टीवर बरोबरी झाली, उत्तरार्धात लवकरच दुसरा गोल झाला, आणि ती निसटती आघाडी या मुलांनी शेवटच्या शिट्टीपर्यंत जपली. भारत २-१ असा जिंकला व सौदी अरेबियातील स्पर्धेस पात्र ठरला.

या विजयाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९७४ साली बँकॉकच्या आशियाई युवक स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामन्यात २-२ असे बरोबरीत राहिले व दोघांना संयुक्त विजेते म्हणून गौरविण्यात आले. त्यानंतर इराण पुढे जात राहिला आणि आपण मागे पडलो. २०१६ साली सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा आपल्याच गोव्यात झाली. तेथे भारताने सौदी अरेबियाशी ३-३ अशी झुंज दिली खरी, पण संयुक्त अरब अमिरातींकडून २-३ आणि इराणकडून ०-३ असा पराभव झाला. स्पर्धा इराकने जिंकली. पुढे २०१८ साली मलेशियात गोव्याच्याच बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मुलांनी इराणला ०-० असे रोखले. मात्र उपान्त्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने ०-१ असे हरविले, आणि विश्वचषकाचे दार उघडता उघडता मिटले. अहमदाबादच्या संघाचे मार्गदर्शक हेच फर्नांडिस होते. एका गोलाची ती हार आणि एका गोलाची ही जीत यांमध्ये सात वर्षांची शिकवण उभी आहे.

अशा स्पर्धांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला परक्या देशाचा खेळ पहिल्यांदा अंगावर झेलावा लागतो. तेथे हरणे हीसुद्धा विद्याच आहे. परंतु त्या विद्येचा लाभ खऱ्या वयाच्या मुलालाच व्हावयास हवा. वय चोरून मोठ्या मुलास उतरविले तर आजचा चषक कदाचित मिळेल. पण ज्याची जागा त्याने घेतली, त्या लहानग्याची वर्षे कोणी परत देणार नाही. म्हणूनच २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून ‘फिफा’ने मनगटाच्या हाडांची चुंबकीय तपासणी सुरू केली. तथापि यंत्राच्या तपासणीपूर्वी शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी असणे, ही जबाबदारी आईबापांची व शिक्षकांची आहे.

या खेळासाठी आपली परंपरा आड येते असेही नव्हे. कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर. पण तेथील पाटाकडील तालमीसारख्या तालमी स्वतःचे फुटबॉल संघ मैदानात उतरवितात, आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांची माणसे लोटतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. बडोद्यासही आखाड्यांची थोर परंपरा आहे. तालमीने आपल्या पोरांना मल्लखांबाबरोबर फुटबॉलही दिला, तर परंपरा काही बाटणार नाही.

श्रोतेहो, अहमदाबादेत जिंकलेल्या मुलांचे कौतुक आपण जरूर करावे. परंतु दोनच दिवस आधी हीच मुले लेबनॉनकडून हरली होती, हेही ध्यानी ठेवावे. त्या रात्री त्यांना कोणी तरी धीर दिला असेल, म्हणूनच ती पुन्हा उभी राहिली. आपल्या घरचा मुलगा चिखलाने माखून, हरून परत येईल, तेव्हा पुस्तकाकडे बोट दाखविण्यापूर्वी त्याला एवढेच विचारू या, ‘उद्या पुन्हा खेळणार ना?’